घरचं हिमोग्लोबिन मीटर: ताईच्या १४ महिन्यांच्या आजारपणात वापरल्यावर

ताईला अंडाशयाचा कॅन्सर निघाला त्याला आता १४ महिने झाले. तिसरा टप्पा, पोटात पाणी, सीए-१२५ (रक्तातली या कॅन्सरची खूण) अकराशेच्या वर. पहिली केमो झाल्यावर आठवड्याच्या आत मी हे मीटर मागवलं आणि ते आजही वापरात आहे. घेण्याआधी मी बरीच परीक्षणं वाचली होती. बहुतेकांनी दोन-चार दिवस वापरून लिहिलेलं होतं, आणि केमो चालू असलेल्या बाईला ते किती कामाचं हे कुणीच सांगितलेलं नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते या प्रकारच्या कुठल्याही मीटरला लागू पडेल.

मी हिशेब लिहिते. २७ वर्षं दुसऱ्यांची खाती जुळवण्यात गेली. डॉक्टरांच्या बोलण्यातलं अर्धं डोक्यावरून जायचं, पण रिपोर्टवरचे आकडे मला आपले वाटायचे. पहिल्याच रिपोर्टात ताईचं हिमोग्लोबिन १०.४ होतं (१०० मिलिलिटर रक्तात इतके ग्रॅम). बायकांमध्ये १२ च्या खाली ॲनिमिया, ही जागतिक आरोग्य संघटनेने आखलेली रेघ. त्या रात्री मी जागून वाचत बसले आणि एक वाक्य डोळ्यांपुढून हलेना: उपचार सुरू होण्याआधीच ज्यांचं हिमोग्लोबिन कमी असतं, त्या अंडाशयाच्या कॅन्सरच्या रुग्ण सरासरीने कमी जगतात. एकाच नाही, अनेक पाहण्यांमध्ये तसं दिसलेलं होतं. मी सरळ हिशेब मांडला. आकडा कमी तर आयुष्य कमी, म्हणजे आकडा वाढवला की आयुष्य वाढेल. आणि वाढवायचा तर तो रोज डोळ्यांसमोर हवा. मीटर घेतलं ते या विचाराने. तो हिशेब चुकीचा होता; कुठे चुकला ते पुढे सांगते.

आधी वस्तूबद्दल. मीटर तळहातात मावेल एवढं आहे. सोबत टोचायचं पेन, एकदाच वापरायच्या सुया आणि क्युव्हेटची डबी. क्युव्हेट म्हणजे चपटी, पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी. तिच्या टोकाला अगदी बारीक फट असते. बोटावर थेंब आला की फट त्याला टेकवायची. रक्त आपोआप आत ओढलं जातं, दाबावं-ढकलावं लागत नाही. रिकामी दिसणारी ती इवलीशी खिडकी बघता बघता लाल भरते. पट्टी खाचेत सरकवली की मीटर तिच्यातून प्रकाश सोडतं, रक्ताने किती शोषला ते मोजतं आणि मिनिटभराच्या आत आकडा दाखवतं. एका थेंबात एवढं कळतं याचं मला अजूनही नवल वाटतं.

थेंब कसा घ्यायचा याची माहितीपत्रकात चार चित्रं आहेत. ती पुरत नाहीत. हात कोमट पाण्याने धुवायचे आणि पूर्ण कोरडे करायचे. स्पिरिट लावलं तर ते वाळू द्यायचं, नाहीतर थेंबात मिसळतं. मधल्या बोटाला किंवा अनामिकेला टोचायचं, तेही टोकाला नाही, जरा कडेला. पहिला थेंब पुसून टाकायचा. दुसरा मोठा आणि आपणहून आलेला हवा. पट्टीत बुडबुडा दिसला की ती बाद. मोजण्याआधी १० मिनिटं खुर्चीत बसायचं, दर वेळी तसंच. बराच वेळ आडवं पडलं की शरीरातलं पाणी रक्तवाहिन्यांत परत शिरतं आणि आकडा थोडा कमी दिसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोट पिळायचं नाही. पिळलं की रक्ताबरोबर आजूबाजूच्या पेशींमधला द्रव येतो, थेंब पातळ होतो, आकडा खोटा कमी येतो.

हे मी दुसऱ्या केमोनंतरच्या एका रात्री शिकले. ताई दिवसभर झोपून होती. हात गार पडलेले. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाने बोटांची टोकं बधिर झालेली, तिला सुई टोचल्याचं कळलंसुद्धा नाही. थेंब येईना म्हणून मी बोट मुळापासून टोकापर्यंत दाबत आणलं. एकदा, दोनदा, तीनदा. आला तो थेंब फिकट होता, पण तेव्हा माझं लक्ष थेंबाकडे नव्हतं. मीटरवर ७.४. आठवड्यापूर्वी लॅबमध्ये ९.४ होतं. दुसऱ्या बोटाला टोचलं, ७.९. तिसऱ्याला टोचायला गेले तशी ताईने हात मागे घेतला.

"अगं, मला धाप लागत नाहीये, छातीत दुखत नाहीये, कुठून रक्त जात नाहीये. सकाळी बघू."

मी रात्रभर तिच्या उशाशी बसून तिचे श्वास मोजले. सकाळी लॅबमध्ये शिरेतून रक्त घेतलं, तर ९.२.

पुढच्या भेटीत मी वही घेऊन डॉक्टर मॅडमकडे गेले. रोजचा आकडा, रोजची वेळ, लाल शाईने कमी-जास्त. मॅडमनी दोन पानं उलटली आणि म्हणाल्या, "लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. आता तुम्हीच गणित करा." मी घरी येऊन केलं. केमोने अस्थिमज्जेतलं उत्पादन अगदी पुरतं थांबवलं असं धरलं, तरी दिवसाला १२० व्या हिश्श्याच्या आसपास पेशी संपतील. हिमोग्लोबिन १० असेल तर दिवसाची घट ०.१ च्याही आत. आणि घरचं मीटर नीट वापरलं तरी लॅबपेक्षा अर्धा ग्रॅम, कधी एक ग्रॅम इकडे-तिकडे दाखवतं. म्हणजे रोजच्या मोजणीत खरी घट मला दिसणारच नव्हती. दिसत होती ती यंत्राची आणि माझ्या हाताची चूक, आणि त्या चुकीवर मी ताईची बोटं रोज टोचत होते. हे उमगलं तेव्हा फार वाईट वाटलं.

त्या दिवसापासून आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी. अंगातून रक्त जात असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा काही तासांतही आकडा घसरतो. पण अशा वेळी मीटर शोधत बसायचंच नसतं. शौचाला काळं झालं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं, तर सरळ हॉस्पिटल. हेच तापाचं. केमो चालू असताना ३८ अंश सेल्सिअसवर ताप म्हणजे तातडी, आणि या मीटरवर तेव्हा छान ९.५ दिसू शकतं. कारण त्याला पांढऱ्या पेशी दिसत नाहीत, प्लेटलेटही दिसत नाहीत. पुढची केमो द्यायची की लांबवायची हे बहुतेक वेळा त्या दोघींवर ठरतं. म्हणून ज्यांना वाटतं की मीटर घेतलं की लॅबच्या चकरा वाचतील, त्यांनी घेऊ नये. एकही चकर वाचत नाही. प्लेटलेट फार खाली असतील तेव्हा तर टोचूही नये, बोटाचं रक्त लवकर थांबत नाही.

वहीत आता एकाच दिवशीच्या मीटर आणि लॅबच्या २३ जोड्या आहेत. मीटर बहुतेक वेळा लॅबच्या खाली असतं, ०.३ ते ०.६ ने. त्या पिळलेल्या रात्रीनंतर सगळ्यात मोठा फरक १.१ चा पडला, तो हात गार असताना. फरकाची दिशा ठरलेली असल्यामुळे आकड्यापेक्षा कल बघायचा ही सवय लागली. सलग तीन रविवार खाली गेले तर लक्ष द्यायचं, एका रविवारवर काही ठरवायचं नाही.

आता त्या चुकलेल्या हिशेबाबद्दल. मॅडमनी वही मिटताना विचारलं होतं, "आकडे व्यवस्थित लिहिलेत. कमी का आहे, ते कुठे लिहिलंय?"

ते मी कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिसऱ्या केमोनंतर त्यांनी लोहाच्या तपासण्या करून घेतल्या. फेरिटिन ३१०, म्हणजे साठा भरपूर. पण ट्रान्सफरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातून लोह वाहून नेणारं प्रथिन किती भरलेलं आहे तो आकडा, ११ टक्के. २० च्या खाली गेलं म्हणजे अस्थिमज्जेपर्यंत पुरेसं लोह पोचत नाही. तिजोरी भरलेली आणि गल्ल्यात पैसा नाही, हे मला लगेच कळलं. मग त्यांनी अगदी पहिला रिपोर्ट काढायला सांगितला आणि प्लेटलेटवर बोट ठेवलं: ५.२ लाख. मी त्या आकड्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. जास्त म्हणजे चांगलं, असं धरून चालले होते. वरची मर्यादा साडेचार लाखांची.

दोन्ही आकडे एकाच ठिकाणाहून आलेले होते. गाठीतून आणि तिच्या भोवतीच्या पेशींमधून इंटरल्युकिन-६ नावाचा पदार्थ सुटतो. तो यकृताला दोन निरोप देतो. एक, प्लेटलेट वाढवणारं संप्रेरक जास्त बनव. दोन, हेप्सिडिन बनव. हेप्सिडिन वाढलं की आतडं लोह आत घेईनासं होतं आणि साठ्यातलं लोह कोंडून राहतं. २००५ साली इटलीतल्या संशोधकांनी पुढच्या टप्प्यातल्या, अजून उपचार सुरू न झालेल्या अंडाशयाच्या कॅन्सरच्या रुग्णांमध्ये हे तपासलं होतं. जिथे इंटरल्युकिन-६ जास्त, तिथे हिमोग्लोबिन कमी.

म्हणजे कमी हिमोग्लोबिन आणि कमी आयुष्य पाहण्यांमध्ये सोबत दिसतात, त्यामागे बऱ्याच अंशी एकच कारण उभं असतं, ते म्हणजे आजार किती पसरला आहे आणि शरीरात किती दाह पेटवतो आहे. जिचा आजार जास्त, तिचं रक्त कमी, वजन कमी, पोटात पाणी जास्त. यातला एकटा हिमोग्लोबिनचा वाटा वेगळा काढणं संशोधकांनाही जड जातं. ताप उतरवणारी गोळी दिली म्हणून न्यूमोनिया बरा होत नाही, तसंच नुसता आकडा वर ढकलल्याने आयुष्य वाढतं असं सिद्ध झालेलं नाही.

आकडा ढकलून पाहिलेलाही आहे. मी मॅडमकडे एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनचं नाव काढलं होतं. मूत्रपिंडातून निघणारं, लाल पेशी वाढवणारं संप्रेरक. मला वाटलं होतं त्या विसरल्या असतील. त्या म्हणाल्या, २००३ मध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरवर आणि २००५ मध्ये स्तनाच्या कॅन्सरवर मोठ्या चाचण्या छापून आल्या. हिमोग्लोबिन वाढलं, पण इंजेक्शन घेतलेल्या रुग्णांची गत न घेतलेल्यांपेक्षा वाईट निघाली. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर कडक इशारा छापायला लावला. जिथे आजार पूर्ण बरा करण्यासाठी केमो चालू आहे तिथे ते देत नाहीत. शिवाय त्याने रक्तात गुठळ्या होतात, आणि अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये गुठळ्यांचा धोका मुळातच मोठा.

मी गप्प बसले. आकड्यामागे लागून मी ताईसाठी काय मागायला निघाले होते, ते तेव्हा कळलं.

यावरून कुणी असं समजू नये की ॲनिमियाकडे दुर्लक्ष करायचं. कारण सापडलं की त्यावर इलाज करायचाच. ताईच्या बाबतीत तोंडाने लोहाच्या गोळ्या देऊन उपयोग नव्हता, आतड्याचं दारच बंद होतं. म्हणून शिरेतून लोह. किती द्यायचं याचं एक सूत्र आहे आणि मॅडमनी ते मला लिहून दिलं: किलोमध्ये वजन, गुणिले हवं असलेलं आणि असलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक, गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. ताईचं वजन ५४, असलेलं ९.१, धरायचं १५. मी तिथेच कागदावर सोडवलं, १,२६५ मिलिग्रॅम आलं. पहिल्या दिवशी १,०००, उरलेलं पुढच्या आठवड्यात. तपकिरी रंगाचं औषध पाऊण तासाच्या आत उतरलं. सिस्टर सगळा वेळ शेजारी उभ्या होत्या, सुई हलली आणि औषध कातडीखाली गेलं तर डाग राहतो म्हणून. गाठ काढायच्या ऑपरेशनला अजून तीन आठवडे होते. त्या तीन रविवारी मीटर ८.७, ९.० आणि ९.४ म्हणालं, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी लॅबमध्ये ९.८. मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटलं ते हे की ताई स्वतः उठून अंघोळीला जायला लागली होती. ऑपरेशनमध्ये एकच पिशवी रक्त लागलं.

मीटरने आपली किंमत एकदम वसूल केली तो दिवस पाचव्या केमोचा. दोन दिवस आधी बाहेरच्या लॅबमध्ये हिमोग्लोबिन ९.१, प्लेटलेट १.९ लाख, पांढऱ्या पेशी ४,६०० होत्या. त्या सकाळी घरी मीटरवर ८.८. डे-केअरमध्ये गेल्यावर डाव्या हाताला सलाईन लावलं आणि थोड्या वेळाने त्याच हातातून तपासणीचं रक्त घेतलं. मी पाहत होते, पण त्यात काही चुकतंय हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तासाभराने रिपोर्ट आला: हिमोग्लोबिन ६.७. केमो आज नाही, रक्ताच्या पिशवीची सोय करा, असं सांगण्यात आलं. ताईचा चेहरा उतरला.

मी रिपोर्ट हातात घेतला. प्लेटलेट १.४ लाख, पांढऱ्या पेशी ३,४००. माझ्यासारखीने असे आकडे आयुष्यभर पाहिलेले असतात. एका खात्यात चूक असेल तर एक आकडा बिघडतो. सगळे आकडे एकाच प्रमाणात खाली आले असतील, तर कुणीतरी सगळ्याला एकदम कशाने तरी भागलेलं असतं. मी फोनवर भागाकार केले. तिन्ही ०.७४ च्या आसपास. चार हिश्श्यांतला एक हिस्सा पाणी. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना मी वही दाखवली, सकाळचं ८.८ दाखवलं आणि विचारलं, सलाईनच्याच हातातून रक्त घेतलं म्हणून असं झालं असेल का? त्यांनी एक शब्दही वाद न घालता उजव्या हातातून पुन्हा रक्त काढायला लावलं. ९.०. केमो त्याच दिवशी झाली, आणि न लागणारी रक्ताची पिशवी टळली.

एक पिशवी रक्ताने हिमोग्लोबिन साधारण १ ने वाढतं. गरज असेल तेव्हा ते जीव वाचवतं. पण गरज नसताना दुसऱ्याचं रक्त अंगात घेणं ही छोटी गोष्ट नाही. स्थिर असलेल्या माणसाला ७ किंवा ८ च्या खाली गेल्यावरच रक्त द्यावं, असं हल्ली बहुतेक ठिकाणी पाळतात. तेव्हा नमुना सलाईनच्या हातातून घेतला जात असेल तर थांबवा आणि दुसऱ्या हातातून घ्यायला सांगा. यासाठी मीटरचीही गरज नाही.

ताईमध्ये बीआरसीए जनुकातला बदल सापडला, म्हणून सहा केमो संपल्यावर ओलापॅरिब ही कॅन्सर आटोक्यात ठेवणारी गोळी सुरू झाली, ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. तोवर हिमोग्लोबिन ११.३ वर आलं होतं आणि मी मीटर कपाटात ठेवायच्या विचारात होते. मॅडम म्हणाल्या, राहू द्या. या गोळीचा मोठा त्रास ॲनिमियाच. मोठ्या चाचणीत पाचातल्या साधारण एकीला तो गंभीर पातळीवर झाला. रक्ततपासणी महिन्यातून एकदा असते. तिसऱ्या महिन्यात सलग तीन रविवारी ९.६, ८.९, ८.१. पुढच्या तपासणीला अजून १२ दिवस होते. ताई दोन जिन्यांमध्ये थांबायला लागली होती, पण विचारलं की "वयच झालं आता" म्हणायची. ती ५६ वर्षांची आहे. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये ७.८ आलं. गोळी तीन आठवडे बंद, बी-१२ आणि फोलेट तपासलं, दोन्ही ठीक. मग २५० मिलिग्रॅमवर पुन्हा सुरू. गेल्या रविवारी १०.६ होतं. या कामासाठी हे मीटर मी कुणालाही घ्यायला सांगेन. केमोत घट हळू आणि अपेक्षित असते, तपासण्या वारंवार होतात. गोळ्यांवर असताना माणूस घरी असतो, तपासण्यांमध्ये अंतर असतं, आणि सगळ्यांना वाटतं आता संपलं.

मीटरच्या तक्रारी आहेत. आठवणीत तारीख नीट राहत नाही, बॅटरी बदलली की घड्याळ मागे जातं, त्यामुळे कागदी वहीला पर्याय नाही. क्युव्हेटची डबी उघडली की ठराविक दिवसांतच वापरावी लागते. आठवड्याला एक वापरणाऱ्यांच्या हातून निम्मी डबी वाया जाते. छोटी डबी मिळते, पण शोधावी लागते. आणि माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर हसऱ्या चेहऱ्याशेजारी "रोज मोजा, निश्चिंत राहा" असं छापलंय, ते कंपनीने काढून टाकायला हवं. आजारी माणसाच्या घरात रोज मोजून कुणी निश्चिंत होत नाही.

हे मला ताईनेच सांगितलं. चौथ्या केमोच्या सुमाराला एका रविवारी मी पट्टी खाचेत सरकवत असताना ती म्हणाली, "आकडा तू बघ, मला सांगू नकोस. तू आकडा बघतेस आणि मग माझ्याकडे अशी बघतेस की मला वाटतं माझे दिवस लिहिलेत त्यावर." माझ्या तोंडून शब्द फुटेना. कारण खरंच मी तसंच बघत होते, त्या पहिल्या रात्रीपासून. तेव्हापासून मीटर मी तिच्याकडे पाठ करून बघते, वहीत लिहिते, आणि मॅडमनी आखून दिलेल्या रेघेखाली गेलं तरच बोलते. दर रविवारी मी तिला आधी एक प्रश्न विचारते, की या आठवड्यात काय करताना थांबावं लागलं? ते उत्तरही वहीत, आकड्याच्या आधीच्या रकान्यात. मॅडम हल्ली तो रकाना आधी वाचतात.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा त्या मुखपृष्ठावरच्या ओळीसाठी कापला, एक तारा थंड हातांवर ते भरवशाचं नाही म्हणून. घेणार असाल तर पहिल्या दिवशी, लॅबमध्ये रक्त द्याल त्याच सकाळी घरीही मोजा आणि दोन आकड्यांमधला फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आमची सध्याची डबी या महिनाअखेर बाद होईल. नवी छोटी डबी मी कालच मागवली आहे.